राईच्या शेंड्यावरचा पारा

शाहूवाडी तालुक्यात ऐन मे महिन्यात डोंगरावरचा बर्फ वितळतो, हा शोध माझा. सत्तरच्या दशकात लावला होता. अजून कुणी खोडून काढलेला नाही, कारण आमच्या सरांनी तो कागद त्यांच्या खोलीबाहेर जाऊच दिला नाही.

झालं होतं असं. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो आणि चाळिशी उलटल्यावर मला पीएच.डी. करायची हुक्की आली. विषय घेतला जंगल आणि हवा यांच्यातल्या देवाणघेवाणीचा. ऊन पडतं, त्यातली किती उष्णता हवा तापवण्यात जाते, किती पानांतल्या पाण्याची वाफ करण्यात जाते, आणि या सगळ्या गडबडीत पानं हवेतला कार्बन किती ओढून घेतात, हे गणितात बसवायचं. उत्तरेकडच्या बर्फाळ देशांतल्या लोकांनी त्यांच्या सूचिपर्णी अरण्यांसाठी ही समीकरणं तयार करून ठेवली होती. मी ती उचलली, पंचकार्डांचा गठ्ठा केला आणि एसटीनं पुण्याला नेऊन तिथल्या संगणकाच्या तोंडात दिला. बर्फाच्या समीकरणांची कार्डं तेवढी गठ्ठ्यातून काढायची राहिली. संगणकानं इमानेइतबारे आधी जंगलावर बर्फ टाकला, मग मे महिन्यात तो वितळवला, आणि मीही ते आकडे सुवाच्य अक्षरात उतरवून माझ्या मार्गदर्शक सरांपुढे ठेवले.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "छान. आता मलकापूरच्या स्टँडवर स्वेटरचं दुकान टाका," म्हणाले. "आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा एकदा त्या जंगलात जाऊन बघून या. उसन्या जंगलाचं गणित पुरे झालं."

म्हणून मी जंगल शोधायला निघालो.

शाहूवाडीच्या डोंगराळ अंगाला एका गावाच्या वर देवराई होती. दोन डोंगरधारांच्या मधली घळ, पश्चिमेला कडा, पूर्वेला खाली उतरत गेलेली भाताची खाचरं, आणि मधे ही राई. कुऱ्हाड कधी लागली नाही म्हणून झाडं अशी वाढलेली की शेंडा बघायला टोपी काढून हातात धरावी लागे. राईतल्या देवाची पूजा करणारा गुरव साठीच्या पुढचा, काटक, आवाज मात्र तालमीतला. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग देवाला कौल लावला. दगडी मूर्तीला पाण्यानं दोन पाकळ्या चिकटवल्या आणि आम्ही समोर बसून राहिलो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार. माझ्या आख्ख्या शिक्षणात कुठल्याही निकालाची मी इतकी वाट पाहिली नव्हती. उजवी पडली.

"घ्या की मापं," गुरव म्हणाला. "पर पायताण भाईर. लोखंड आत न्हाय. आन इस्तू तर न्हायच न्हाय. बिडी वढायची तर त्या धोंड्याच्या पल्याड जायाचं."

मी बिडी ओढत नव्हतो. पण लोखंड नाही म्हटल्यावर पंचाईत झाली. कारण झाडांच्या शेंड्याच्या वर तापमापक टांगायचे तर उंच मनोरा हवा, आणि मनोरा बांधून द्यायचं कबूल केलं होतं माझ्या मेव्हण्यानं. तो शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डर. रोज वितळलेल्या लोखंडाशी खेळणारा गडी.

"लोखंडाबिगर मनोरा?" तो म्हणाला. "दाजी, मिठाबिगर रस्सा कराय सांगताय की ओ."

पण केलं त्यानं. राईतल्या सगळ्यांत उंच झाडाला धरून बांबूची शिडी वर नेली, काथ्याच्या दोरांनी आवळली आणि शेंड्याच्याही वर एक माणूस मांडी घालून बसेल एवढा माचा बांधला. एकही खिळा नाही. गुरवानं माझा सायकलचा पंपसुद्धा हातात घेऊन, पितळी आहे याची खात्री करूनच आत सोडला.

आता वर चढणार कोण? मला घरी माळ्यावरची परात काढायला स्टुलावर चढलो तरी देव आठवतो. मी पहिल्या रविवारी शिडीच्या चार-पाच कांब्या चढलो आणि तिथंच झाडाला मिठी मारून उभा राहिलो. मेव्हण्यानं खालून माझे पाय एकेक करून कांबीवर ठेवत मला उतरवलं.

"तुम्ही खालीच बसा," तो म्हणाला. "तुमचं पाय लटलटाय लागलं की सगळा बांबू लटलटतोय. वरचं मी बघतो."

हा मेव्हणा म्हणजे माझ्या बायकोचा पाठचा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा परकर-पोलक्यातल्या माझ्या बायकोनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. तिच्या मते तो अजून नीट जेवत नाही. सुट्टीच्या दिवशी त्याला मी डोंगरात नेतो हे तिला पसंत नव्हतंच. पण तो मनोऱ्यावर चढतो हे तिला सांगितलेलं नव्हतं. तो "दाजींच्या काचा धराय जातो" एवढंच सांगत असे.

आमची कामाची रीत अशी होती. वरचा आणि खालचा पारा एकाच क्षणी वाचावा लागे, नाहीतर हिशेबाला अर्थ नाही. ओरडून ते जमत नसे. पानं आवाज खाऊन टाकत. म्हणून माच्यावरून एक सुतळी खाली सोडली होती आणि तिच्या टोकाला देवळापुढे फुटलेल्या नारळांच्या करवंट्यांचा घोस बांधला होता. त्यानं वर सुतळी ओढली की खाली करवंट्या खडखडत, आणि दोघंही आपापला पारा वाचत असू. त्याशिवाय तो पंपानं शेंड्यावरची हवा ओढून एका बाटलीतल्या औषधातून बुडबुडे काढत सोडी. त्या औषधात कार्बन अडके. कॉलेजात नेऊन तो किती अडकला हे बघायचं.

आणि याच बाटल्यांसाठी मी आख्ख्या गावाशी वैर घेतलं होतं. उन्हाळ्यात तिकडे राब भाजतात. ज्या वाफ्यात भाताच्या रोपांचा तरवा टाकायचा त्यावर शेण, पालापाचोळा, गवत, वर माती असे थर रचायचे आणि ते संथपणे जाळायचे. धूर दिवसभर निघतो. तो धूर माझ्या बाटलीत गेला तर राई श्वास घेते की बिडी ओढते ते कळणार नाही. म्हणून मी घरोघर जाऊन हात जोडले होते: रविवारी राब पेटवू नका. राईच्या थेट खाली एका म्हातारीचं खाचर होतं. तिच्या तर मी पाया पडलो होतो.

"पेटवत न्हाय की बाबा," ती म्हणाली होती. "पर तुमी हवा बाटलीत भरून न्हेऊन करता काय तिचं?"

मी उत्तर द्यायला बसलो. निम्म्यात ती उठून म्हशीकडे गेली.

तो एप्रिल होता. मनोऱ्याच्या झाडाला, शेंड्याच्या बरंच खाली, एका आडव्या जाड फांदीला आग्या मोहोळ येऊन बसलं होतं. सुपाएवढं, काळं. शिडीपासून हातभर लांब. आग्या एकदा चिडला तर माणूस मारतो. पण गुरव म्हणाला, आपण होऊन काय करत न्हाईत, मुकाट जावा. मेव्हणा तसा मुकाट जात होता, येत होता. मी दर वेळी खाली जीव मुठीत धरून उभा. तो वरून सुतळी ओढी, करवंट्या खडखडत, आणि मी सुटकेचा श्वास टाकून पारा वाचायला विसरत असे.

त्या रविवारी दुपार कलली होती. शेवटचं माप घ्यायचं राहिलं होतं. मी खाली गुरवाशेजारी बसून सुतळीकडे बघत होतो. तेवढ्यात वरून पानांत काहीतरी फाडकन घुसल्यासारखा आवाज आला. एक मोठी घार, मोहोळं खाणारी, झडप घालून पोळ्याचा लचका तोडून निघून गेली. मला तिचे फक्त पंख दिसले.

मग आवाज सुरू झाला. मोटार दूरवर चढ चढते आहे असा. मग जवळ. मी वर बघितलं तर फांदीभोवतीची हवाच काळी होऊन हलत होती.

"पळा!" गुरवानं मला दंडाला धरून ओढलं. आम्ही राईच्या कडेला धोंड्यांच्या आड येऊन पडलो. माझ्या मानेवर एक, कानामागे एक बसली होती, ते मला नंतर कळलं.

मेव्हणा वर होता. मोहोळ त्याच्या आणि जमिनीच्या मधे होतं.

"उतर म्हणून हाक मारू?" मी म्हणालो.

"गप बसा!" गुरव कुजबुजला. "हललं की त्येच्यावरच जात्यात. पांघराय काय हाय त्येच्याजवळ?"

माच्यावर बसायला नेलेलं एक पोतं होतं. पोतं आणि खांद्यावरचा टॉवेल. मी पानांच्या फटीतून बघायचा प्रयत्न केला. माच्यावर काहीतरी तपकिरी गठडं दिसत होतं. हलत नव्हतं. ते शहाणपणानं हलत नव्हतं, की दुसऱ्याच कारणानं, हे खालून कळायला मार्ग नव्हता.

मग करवंट्या वाजल्या. एकदाच. खड्.

तो जिवंत होता. मला रडू आलं, आणि त्याच वेळी, लाज वाटते सांगायला, माझा हात सवयीनं तापमापकाकडे गेला.

"धूर पायजे," गुरव म्हणाला. "धुराबिगर त्या माश्या हटायच्या न्हाईत."

मी धोंड्याआड ठेवलेल्या त्याच्या बिड्यांशेजारची काडेपेटी उचलली आणि राईत शिरायला वळलो. त्यानं माझं मनगट असं धरलं की काडेपेटी खाली पडली.

"द्यावाचं ऱ्हाऊ द्या बाजूला. पायाखाली बघा की! गुडघाभर वाळली पानं हाईत. एक ठिणगी पडली तर राई जाईल, आन वर बसलंय ते पोरगं भाजून निघंल."

खरं होतं. मी उभा राहिलो. पुन्हा एक खड् झालं, आधीपेक्षा हलकं.

"वर देवळाफुडं पेटवू," गुरव म्हणाला. "तितं मोकळं अंगण हाय. जवळ बी हाय."

देऊळ कड्याच्या अंगाला, राईच्या वरच्या टोकाला होतं. तो निघालासुद्धा. आणि मी, ज्याला भर उन्हाळ्यात बर्फ सापडला होता, तो मी त्याला आडवा गेलो.

"तिथं नको. खाली. खाचरात."

"खाली? लांब पडतंय की ओ!"

कित्येक रविवार मी तिथे दुसरं काय बघितलं होतं? वारा कळावा म्हणून राईच्या कडेनं मी बायकोच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या. दिवसा ऊन असेतो खाचरं तापतात आणि हवा उतारानं वर चढते, राईतून शेंड्याकडे. सूर्य कड्याआड गेला की उतार थंड होतो आणि तीच हवा उलटी खाली घसरते. देवळापुढे पेटवलेला धूर आत्ता कड्याकडे निघून जाणार होता. खाचरातला धूर राईत चढणार होता. पण ऊन असेतोच. मी कड्याकडे बघितलं. सूर्य टेकायला आला होता.

"चिंध्या बघा," मी म्हणालो. त्या वरच्या बाजूला फडफडत होत्या.

गुरवानं चिंध्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "चुकलं तर?"

मी पळालो. चपला राईच्या दुसऱ्या टोकाला काढून ठेवलेल्या, आणि खाचरात भाताचे वाळके खुंट. पायांचं काय झालं ते सांगत नाही. पुढचा आठवडाभर मी वर्गात खुर्चीवर बसून शिकवलं.

म्हातारी तिच्या वाफ्याशीच होती. राब रचून तयार, वर माती पसरत होती.

"आजी, पेटवा!"

"काय?"

"राब पेटवा. आत्ताच्या आत्ता!"

तिनं कमरेवर हात ठेवले. "परवा पाया पडलासा न्हवं? आयतवारी पेटवू नगा म्हून? आन आज आयतवारीच पेटवा म्हनतासा? डोकं फिरलं का काय मास्तर तुमचं?"

"आग्या उठलाय. माझा मेव्हणा वर अडकलाय."

तिनं पाटी बाजूला सारली, बांधालगतच्या घरातून शेगडीतले निखारे खापरात आणले आणि खालच्या कडेला राबात खुपसले. "हिरवा पाला आना," ती ओरडली. "नुसतं गवत भडकंल. धूर पायजे तर वलं पायजे." गुरव मागोमाग पोचला होता. आम्ही बांधावरचा हिरवा पाला ओरबाडून आणला आणि टाकत सुटलो.

धूर निघाला. पांढरा, जाड. आणि सरळ वर गेला. खांबासारखा, उभा.

आयुष्यात बरीच गणितं चुकली माझी. पण त्यांतलं एकही असं डोळ्यांसमोर खांब होऊन उभं राहिलं नव्हतं. गुरव आणखी पाला ओरबाडायला वळला. म्हातारी पदरानं वारा घालायला लागली, जसं काही तेवढ्यानं धूर राईत जाणार होता. आणि मग मीही शर्ट काढून वारा घालायला लागलो.

खांबाचा शेंडा वाकला. अगदी थोडा. मग मधूनही वाकला, आणि सगळा धूर आळस देऊन उठल्यासारखा उताराला अंग टाकून वर सरकायला लागला. राईच्या कडेला पोचला. झाडांत शिरला. पानांतून झिरपत, शेंड्यांच्या दिशेनं.

"चढला," गुरव म्हणाला. "चढला की ओ मास्तर!"

मी पळत पुन्हा धोंड्यांपाशी गेलो. आत धूर दाटला होता आणि ती मोटार आता लांब गेल्यासारखी वाटत होती. माश्या फांदीवरून सुटून पुंजक्यांनी वर, धुराच्या बाहेर निघाल्या होत्या. पण करवंट्या गप्प होत्या. मी त्यांच्याकडे टक लावून उभा. सुतळी सैल लोंबत होती. कड्याची सावली राईवरून उतरत माझ्याकडे येत होती. ती पायावरून गेली तेव्हा चिंध्या पडल्या. वारा थांबला होता. आता धूर उलटा फिरणार आणि माश्या परत बसणार.

"उतर रे!" मी ओरडलो. गुरवानं या वेळी मला गप्प केलं नाही. त्याच्या तालमीतल्या आवाजानं तोही ओरडला. "उतर लेका! हीच येळ हाय!"

सुतळी हलली. ओढल्यासारखी नाही, कुणीतरी तिच्यावर पाय दिल्यासारखी. बांबू करकरले. बराच वेळ नुसतं करकरणं. आणि मग धुरातून एक पोतं खोकत खोकत खाली आलं, दोन पाय फुटलेलं.

गुरवानं आणि मी त्याला दोन्ही बाजूंनी धरून खाचरात आणला. चेहरा ओळखू येत नव्हता. एक डोळा पूर्ण मिटला होता, ओठ भज्यासारखे. शर्टात हात घालून त्यानं वरचा तापमापक काढला आणि माझ्या हातात दिला.

"फुटला न्हाय," तो म्हणाला. "वाचायचा ऱ्हायला तेवढा. पोत्यात दिसंना."

म्हातारीनं त्याला ताक पाजलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आता माझा राब वलाच पेटवलासा. निम्मा तसाच ऱ्हानार. पुन्ना रचायला तुमीच या." आणि मी गेलोही नंतर, शेणाच्या पाट्या वाहायला.

मलकापूरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, बराच वेळ नाडी धरून बसले, मग म्हणाले की भट्टीपुढे काम करणारा माणूस आहे, दम आहे म्हणून निभावलं. जरा हलला असता तर वेगळं सांगावं लागलं असतं. आम्ही एसटीनं कोल्हापूरला आलो. मेव्हणा खिडकीला डोकं टेकून झोपला होता आणि मी सगळ्या रस्त्याभर त्याची छाती वरखाली होते का ते बघत होतो. त्या दिवशी शेंड्यावर उघडीच राहिलेली बाटली नंतर उतरवून तपासली तेव्हा निघालं की आमची राई एखाद्या साखर कारखान्याच्या धुराड्याएवढा कार्बन सोडते. तो आकडा मात्र मी सरांपर्यंत नेला नाही.

घरात शिरलो तेव्हा बायको भाकरी थापत होती. तिनं त्याच्याकडे बघितलं. तवा उतरवला, त्याला दिव्याखाली बसवलं आणि नखाच्या कडेनं एकेक काटा खरवडून काढायला लागली. मानेतले, कानांतले, केसांतले. काटा निघाला की वाटीच्या काठाला पुसायची. तो "आक्का, हळू की" म्हणायचा, ती ऐकायची नाही.

वाटीच्या काठावरचे काटे मला मोजवेनात. म्हणून मी सांगायला लागलो. मनोऱ्याचंही सांगून टाकलं. मग गुरव कसा देवळापुढे निघाला होता, मी त्याला कसा अडवला, ऊन असेतो हवा उतारानं वर कशी चढते, सावली आल्यावर कशी फिरते. हातानं उतार दाखवला, दुसऱ्या हातानं धूर. मेव्हणाही एका डोळ्यानं बघत, सुजल्या तोंडानं मधेमधे भर घालत होता: "व्हय आक्का, दाजी बरोबर बोलले. धूर नेमका वर आला. देवळाफुडं पेटवला आसता तर मी काय गावतोय?"

तिनं शेवटचा काटा काढला, त्याच्या गालावरून हात फिरवला आणि ताट वाढायला उठली. ताट त्याच्यापुढे ठेवलं. मग माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"फुडच्या आयतवारी तुम्ही चढायचं वर. वाऱ्याचं खालनं ह्यो सांगंल. त्येला येतंय आता."